जरा मोठं लिही

तुम्हाला वाटतं, तो तुमच्याकडे बघतोय.
तो बघत असतो माझ्याकडे.
कॅमेऱ्याच्या डाव्या कानाशी, एक गुडघा टेकून मी:
डोलोरेस वाख्टेल, वय एकसष्ट, राहणार क्वीन्स,
हातात पांढरे पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर काळा मार्कर.
एकतीस वर्षं हा देश शनिवारी रात्री
माझ्या हस्ताक्षरावर हसतोय
आणि त्याला पत्ता नाही.

गुरुवारी कॉर्नेल ब्रुसार आला.
लुइझियानाचा ट्रम्पेट, चाळीस वर्षांचं नाव,
टोपी अशी की तिलाच वेगळी खुर्ची द्यावी.
पहिल्या वाचनाला गडी अडखळला.
लेखक पोरांनी डोळ्यांनीच ठरवलं:
वाजवणारे हे असेच, शब्दांत कच्चे.
मग कॉफीच्या यंत्रापाशी त्याने मला गाठलं,
आवाज पार मंद्रात नेला,
म्हणाला, बाई, जरा मोठं लिही.

शुक्रवारी ओळीला एक पुठ्ठा.
अजून जरा, म्हणाला.
शनिवारी दुपारी पुठ्ठ्याला तीन शब्द.
रंगीत तालमीनंतर
दोन.
मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
अक्षर म्हणजे न झिजणारं, असं म्हणतात;
झिजतो तो खांदा.
चार मिनिटांच्या विनोदाला एकशे त्रेचाळीस पुठ्ठे.
इग्नासियो म्हणाला, हा विनोद आहे की विटांची भट्टी?

विनोद असा:
वाद्यांचं दुकान. ब्रुसार ट्रम्पेट परत द्यायला आलाय.
का? तर यातून आनंदी सूरच निघत नाही.
गल्ल्यावर ग्रेटा ओसेई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर:
साहेब, वॉरंटी पितळेची असते.
इथे हशा.
मग त्याने म्हणायचं, पण माझ्याकडे पावती आहे.
पावतीवर, का कोण जाणे, सगळ्यात मोठा हशा.

अकरा वाजून बावन्न मिनिटं. थेट प्रक्षेपण.
'पण' पलटला. 'माझ्याकडे' पलटता पलटता
खांद्याने दगा दिला
आणि हातातली सगळी चळत जमिनीवर.
'पावती' उलटी पडली, केबलींच्या गुंत्यात.

दोन सेकंद गेले.
टीव्हीवर दोन सेकंद म्हणजे अख्खं सुतक.
ग्रेटाचा चष्मा तिथेच थिजला.
मी वर बघितलं. तो बघत होता
नेमका तिथेच, जिथे मघाशी मी होते.

आणि त्याने ट्रम्पेट ओठांना लावला,
वाजवलं ते पडणं:
फड, फड, फडाड,
आणि मागे राहिलेला एक पुठ्ठा,
जरा उशिराने, घरंगळत,
फट्.

स्टुडिओ फुटला.
ग्रेटा, देव तिचं भलं करो, म्हणाली:
अहो, हे तर हसतंय की!
दिवे गेले. जाहिरात. साबणाची.

पहाटे तीनला तळघरातल्या त्या हॉटेलात
जो तो त्याला बिलगत होता:
काय ती समयसूचकता!
मी कोट घालून निघालेच होते.
तो शेजारून गेला, थांबला, नाक वर केलं.
मार्करवाली, म्हणाला, थांब.

म्हटलं, माझी चूक झाली, साहेब. पुठ्ठे निसटले.
हसला. टोपी काढली, पहिल्यांदाच.
म्हणाला, दुपारपासून मला नुसतं पांढरं दिसत होतं.
शब्द पाठ होते, अख्खी रात्र घोकलेले.
कधी बोलायचं तेवढं कळत नव्हतं.
तू पुठ्ठा पलटायचीस ना,
त्या आवाजावर बोलत होतो.
बाई, तुझा ठेका पक्का आहे.
फक्त तिसरी मात्रा जरा घाई करते.

यावर काय बोलावं?
मी म्हटलं, तिथे खांदा दुखतो.

सोमवारी नवा पाहुणा, कुणी बेसबॉलवाला,
नजर घारीची, ओळीला आठ शब्द सहज पुरतात.
माझा हात अजून मोठंच लिहितोय.
इग्नासियो ओरडतो, पुठ्ठे संपतील!
मी पलटते.
एक, दोन,
तीनवर थोडी थांबते.